बिल्ल्याची पाठ

पुराचं पाणी उतरल्यावर सांगलीच्या गावभागातल्या घराचं कुलूप उघडलं, तेव्हा काही दिसायच्या आधी वास आला. २०१९चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि आमच्या खालच्या मजल्यावर माळा तेवढा कोरडा राहिला होता. बाकी सगळ्याला एकच रंग, गाळाचा. कपाटाच्या तळाशी बिस्किटाचा पत्र्याचा डबा हाताला लागला. झाकण गंजून बसलेलं. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलं तर आत गढूळ पाणी आणि त्यात माझे बिल्ले.

"गाद्या गेल्या, वर्षाचं धान्य गेलं, आणि तुम्ही हे काय घेऊन बसलाय?" बायको म्हणाली. तिचं खरंच होतं. तरी त्या रात्री विश्रामबागला मेव्हण्याच्या न्हाणीत पाटावर बसून मी ते सगळे रिठ्याच्या पाण्यात टाकले. रिठा ही अण्णांची सवय. माझे वडील सांगलीच्या सराफ कट्ट्यावर कारागीर होते. दागिना उजळायचा म्हणजे रिठ्याचं कोमट पाणी, जुना मऊ ब्रश आणि घाई नाही, एवढंच त्यांचं औषध.

मी चित्रकलेचा मास्तर. बत्तीस वर्षं शाळेत काढली, त्यामुळे बिल्ले आपोआप साठत गेले. स्नेहसंमेलनाचे, विज्ञान प्रदर्शनाचे, गणेश मंडळाचे 'कार्यकर्ता' लिहिलेले, निवडणुकीचे, २००८ साली सांगलीत साहित्य संमेलन झालं तेव्हाचा स्वयंसेवकाचा. आणि त्यांच्यात वीसेक परदेशी: मिकी, डोनाल्ड, किल्ले, परीराण्या. हे भाचीनं फ्लोरिडातल्या डिस्नेच्या उद्यानांतून वेळोवेळी पाठवलेले.

ब्रश फिरवत गेलो तसे त्यांचे तीन ढीग झाले. पहिल्या ढिगात आपले गोल बिल्ले. पत्र्याची टिकली, तिच्यावर छापील कागद, वर प्लास्टिकचा पापुद्रा आणि मागं वाकवलेली तार. हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. १८९६ साली मॅकिन्लीच्या निवडणुकीत तो तिकडं घरोघर पोचला आणि त्यानंतर जगभर पुढाऱ्यांच्या छातीवर बसला. पापुद्र्याच्या आत पाणी शिरून कागदाचा लगदा झाला होता. संमेलनाचा स्वयंसेवक गेला, मंडळाचा बाप्पा गेला, तीन उमेदवार गेले. (उमेदवारांचं फारसं वाटलं नाही.)

दुसऱ्या ढिगातले परदेशी बिल्ले वाचले होते, पण रंगांच्या खळग्यांत गाळ असा रुतला होता की टाचणीनं कोरून काढावा लागला. काहींच्या कडेला तांबूस गंज. तिसऱ्या ढिगात चार-पाचच होते. त्यांच्यावरून अंगठा एकदा फिरवला की गाळ निघून जायचा आणि खाली पाटीसारखा सपाट, चकचकीत पृष्ठभाग. अण्णांनी पंधरा वर्षांपूर्वी जे तोंडानं सांगितलं होतं, ते पुरानं करून दाखवलं.

भाची पहिल्यांदा सुट्टीवर आली ते २००४ साल. येताना तिनं तीन बिल्ले आणले. ती त्यांना 'पिना' म्हणायची. अण्णांनी त्यातला एक उचलला आणि आधी पालथा केला. कुठलीही वस्तू ते आधी पालथीच करायचे. "पुढची बाजू गिऱ्हाईकाची, पाठ आपली," असं म्हणायचे. पाठीवर कंपनीचं नाव कोरलेलं, एक टोकदार खिळा आणि त्यावर मिकीच्या डोक्याच्या आकाराचं रबरी बूच. बूच बघून अण्णा हसले. नंतर डोळ्याला भिंग लावून पुढची बाजू बघितली, नख फिरवलं आणि म्हणाले, "नख अडकतंय. ह्यो मिना न्हवं, रंग भरलाय." दुसऱ्यावर नख अडकलं नाही. तो त्यांनी बराच वेळ तिरका धरून उजेडात बघितला. "ह्यो घासलाय. भट्टीतला न्हाई वाटत, पन काम चांगलंय."

सोनारकामातला मिना म्हणजे काच. काचेची पूड पाण्यात कालवून धातूच्या खळग्यांत भरायची आणि ८०० अंशांच्या आसपास भट्टीत घालायची. ती वितळून बसते, बसताना आक्रसते, म्हणून पुन्हा भरायची, पुन्हा भाजायची. मग दगडानं घासून धातूची रेघ आणि काच एका पातळीत आणायची. निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबं. प्रत्येक रंगाला आपापली धातूची राख. जुने चांगले बिल्ले असेच व्हायचे. फरक एवढाच, की खळगे हातानं कोरण्याऐवजी तांब्यावर ठसा मारूनच पाडत. पुढं तांबं महागलं आणि भट्टीचा खर्च परवडेना. शिवाय काचेत हवी ती छटा मिळत नाही. कार्टूनमधल्या राजकन्येच्या गालाचा गुलाबी काचेतून काढायला गेलात तर डोक्याला हात लावाल. म्हणून धंद्यात आला राळेसारखा कृत्रिम रंग. तो थोड्याशा उष्णतेवर वाळतो, हव्या त्या छटेत मिळतो, त्यात चमकी घाला नाहीतर पारदर्शक ठेवा. हा रंग खळग्यात थोडा खाली ठेवला की रेघा उंच राहतात. तो 'सॉफ्ट एनॅमल', म्हणजे माझा दुसरा ढीग. काठोकाठ भरून घासला तर 'हार्ड एनॅमल'सारखा, म्हणजे भट्टीतल्या मिन्यासारखा दिसतो, तो तिसरा. खालचा धातूही बदलला. तांब्या-पितळेच्या जागी लोखंड नाहीतर जस्ताचा मिश्रधातू आला. शाळेतलं लोहचुंबक लावलं तर काही बिल्ले टपकन चिकटायचे, काही ढिम्म. चिकटले तेच पुरात गंजले.

पण भाची ते बिल्ले आणायची ते मिन्यासाठी नाही.

डिस्नेचं पहिलं उद्यान १९५५ साली कॅलिफोर्नियात उघडलं, फ्लोरिडातलं १९७१ साली. तिथं बिल्ले मिळायचे ते आपल्याकडं जत्रेत शिट्टी मिळते तसे. घ्यायचा, पोराच्या टोपीला लावायचा, घरी गेल्यावर हरवायचा. १९९९च्या ऑक्टोबरात नव्या सहस्रकाच्या सोहळ्याच्या निमित्तानं फ्लोरिडात त्यांनी अदलाबदल सुरू केली, आणि तिथून ती बाकीच्या उद्यानांत गेली. कर्मचाऱ्यांच्या गळ्यात आयकार्डाची असते तशी पट्टी, तिच्यावर दहा-बारा बिल्ले. पाहुण्यानं आपला बिल्ला काढून द्यायचा आणि त्यांच्या पट्टीवरचा आवडेल तो मागायचा. दिलेला धातूचा असला आणि त्याच्या पाठीवर कंपनीची खूण असली, की कर्मचाऱ्याला नाही म्हणता येत नाही. एका कर्मचाऱ्याकडून दिवसाला दोनच. पैशाचा व्यवहार नाही.

ही कल्पना काही त्यांनी आकाशातून आणली नव्हती. १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या ऑलिंपिकात खेळाडू आणि पंच ओळखू यावेत म्हणून पुठ्ठ्याच्या रंगीत चकत्या होत्या. पुढं देशोदेशींचे खेळाडू आपापले बिल्ले एकमेकांना देऊ लागले. १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये प्रेक्षकही त्यात घुसले, आणि १९८८ला कॅलगरीत तर कोका-कोलानं अदलाबदलीसाठी खास केंद्रच उघडलं. आम्ही गावभागात काडेपेटीचे छाप बदलायचो ते याहून वेगळं नव्हतं. एका घोड्याला दोन जहाजं, आणि ज्याच्याकडं वाघ तो गल्लीचा राजा.

भाचीनं सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. लग्न होऊन ती ऑर्लँडोला गेली. जावई सकाळी कामाला जायचे ते रात्री यायचे. तिचं इंग्रजी वाचण्यापुरतं चांगलं, पण तोंड उघडायची भीती. "मामा, दुकानात मी बोट दाखवायचे," ती म्हणाली. एका रविवारी दोघं एपकॉटला, तिथल्या डिस्नेच्याच एका उद्यानात गेले. तिथं झाडू आणि सुपली घेऊन फिरणारे एक आजोबा होते, गळ्यात बिल्ल्यांची पट्टी. हिच्याकडं तिकिटाच्या रांगेत घेतलेला साधा मिकी. नवऱ्यानं ढकलली म्हणून ती पुढं गेली. आजोबांनी झाडू भिंतीला टेकवला, खाली वाकून पट्टी तिच्यासमोर धरली आणि एकेका बिल्ल्याची गोष्ट सांगायला लागले. हा अमक्या राइडचा, ती आता बंद झाली. हा मला एका ब्राझीलच्या मुलीनं दिला. तिनं जांभळ्या ड्रॅगनवर बोट ठेवलं. त्याचं नाव फिगमेंट, एपकॉटचं जुनं पात्र. आजोबा म्हणाले, "नाव सांग, मग देतो." तिनं स्वतःचं नाव सांगितलं. त्यांनी ड्रॅगनचं विचारलं होतं.

"त्या देशात मी कुणाशी आपणहून बोलले ते पहिल्यांदा," ती म्हणाली. तो फिगमेंट तिनं अण्णांना दिला. नख न अडकणारा, घासलेला, तो तोच.

बिल्ला तेव्हा बोलण्याचं निमित्त होता, असं मी म्हटलं की जावई हसतात. ते अकाउंटंट आहेत. त्यांचं म्हणणं, धंदा पहिल्या दिवसापासूनच होता. बदलायला बिल्ला लागतो, तो आधी विकत घ्यावा लागतो; गळ्यातली पट्टीही विकतच. यात खोटं काही नाही. पण सराफ कट्ट्यावर वाढलेल्या माणसाला धंद्याचं वावडं कसं असणार? माझी तक्रार नंतर जे झालं त्याची आहे, आणि ते सगळं पाठीवर लिहिलेलं आहे.

पहिल्या बिल्ल्यांच्या पाठीवर कंपनीचं नाव, साल, फार तर 'चीनमध्ये बनवलेला'. नंतरच्यांच्या पाठीवर आकडे आले. 'लिमिटेड एडिशन', आणि पुढं किती नग काढले त्याची संख्या. ही संख्या कधी काही हजार, कधी पाचशे, अडीचशे. संख्या लहान तेवढी दुकानाबाहेरची रांग मोठी. बिल्ल्यांचं अंगही वाढत गेलं. फिरणारी चाकं, सरकणारी होडी, उघडझाप करणारी दारं, बिल्ल्यावर बिल्ला, रंगीत काचेच्या खिडकीसारखे पारदर्शक. मोठ्या बिल्ल्याला मागं दोन खिळे, नाहीतर तो जड होऊन फिरतो. आज दुकानात साधा बिल्लाही दहा-पंधरा डॉलरच्या घरात जातो. एवढ्याचा घेतलेला कोण झाडूवाल्या आजोबांना देईल? तो काळ्या मखमलीच्या वहीत जातो आणि तिथंच राहतो.

यावर कंपनीनं एक तोड काढली होती, आणि ती मला मनापासून आवडते. काही बिल्ले दुकानात विकायचेच नाहीत. ते फक्त कर्मचाऱ्यांच्या पट्टीवर. मिळवायचे तर बदलूनच. त्यांच्या चित्रात कुठंतरी मिकीच्या डोक्याचे तीन गोल लपवलेले, म्हणून नाव 'हिडन मिकी'. म्हणजे पुन्हा माणसाकडं जा, वाकून बघ, माग.

ही तोड मोडली ती जिथं बिल्ले बनतात तिथं. बिल्ला बनतो ठशावर. पोलादी डाय एकदा कोरली की तिच्यावर हजार मारा नाहीतर दहा हजार. ठरलेली संख्या संपल्यावर मारलेले जादा, रंग सांडला म्हणून बाजूला काढलेले, कडा न घासलेले असे सगळे मागच्या दारानं बाहेर पडू लागले आणि इंटरनेटवर पन्नास-शंभराच्या पिशव्यांनी विकले जाऊ लागले. शौकीन त्यांना 'स्क्रॅपर' म्हणतात, आपल्या भाषेत भंगार. भाचीनंही एकदा फसून अशी पिशवी घेतली, लेकीच्या वाढदिवसाला. पन्नास नग, स्वस्तात. लेक तेव्हा आठ वर्षांची. उद्यानात जाऊन तिनं त्यातले दहा बदलले आणि संध्याकाळी हॉटेलात अंथरुणावर पसरून बघते, तर हातात आलेल्या दहांपैकी सहा तिच्याच पिशवीतल्यासारखे. कुणीतरी तीच पिशवी घेऊन तिच्या आधी फिरून गेलं होतं.

ओळखायचं कसं? पाठीवरून. अस्सल बिल्ल्याच्या पाठीवर पुष्कळदा मिकीच्या छोट्या डोक्यांची जाळी असते, ती कडेपर्यंत जाऊन कापल्यासारखी संपते. नकलीत जाळीभोवती एक कोरी चौकट उरते. पुढून मात्र दोन्ही मिकी सारखेच हसतात. हे मला व्हिडिओ कॉलवर त्या आठ वर्षांच्या पोरीनं शिकवलं, दोन बिल्ले पालथे धरून. अण्णा जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

उलट टोकालाही एक गंमत झाली. शौकिनांनी स्वतःच चित्रं काढून, कारखान्याला गाठून, शंभर-दोनशे नग करून आपसात विकायला सुरुवात केली. त्यांना 'फँटसी पिन' म्हणतात. पाठीवर कंपनीची खूण नाही म्हणून उद्यानात चालत नाहीत, पण पुष्कळांचं काम कंपनीपेक्षा सरस. चित्रकलेचा मास्तर म्हणून माझं मत तिकडं झुकतं. कायद्यानं ते बसत नाही, हेही मला कळतं.

मग मार्च २०२० आला आणि उद्यानं बंद झाली. भाची सांगते, उघडल्यावर गळ्यातल्या पट्ट्या गेल्या होत्या. त्यांच्या जागी टेबलावर बोर्ड. लांबून बघायचं, बोट दाखवायचं, आपला टाकायचा, तो घ्यायचा. मी म्हटलं, "म्हणजे तू सुरुवातीला दुकानात करायचीस तसं." ती काही बोलली नाही. फोनवर बोलत होतो, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

आपल्याकडं या सगळ्यातलं काही आलं नाही. शाळेची सहल घेऊन मी दोनदा गोराईच्या एस्सेल वर्ल्डला गेलो, होडीतून पोरं मोजत. तिथून पोरांनी आणल्या त्या फोटोच्या किचेन.

२०२३च्या डिसेंबरात भाची लेकीला घेऊन सांगलीला आली. पोरगी आता बारा वर्षांची, मला 'मामाआजोबा' म्हणते आणि मराठी बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी आपण बरोबर आहोत ना ते बघते. तिनं डबा मागितला. तीन ढीग मी तसेच तीन पिशव्यांत ठेवले होते. फिगमेंटवर तिनं नख फिरवलं. मग पहिल्या पिशवीतली पत्र्याची एक टिकली उचलून विचारलं, "ह्याच्यावर काय होतं?"

"सांगली होतं," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. संमेलनाच्या बिल्ल्यावर तेवढा शब्द तरी होताच. पण त्यावरून तिच्या डोक्यात आलं की सांगलीची पिन करायची. मी गणपतीचं देऊळ काढायला घेतलं. शिखराच्या रेघा इतक्या बारीक की ठशात त्या एकमेकींत मिसळल्या असत्या. बिल्ल्याचं चित्र म्हणजे जाड रेघ आणि तिच्या आत बंद झालेला रंग. शेवटी ठरलं हळकुंड. सोपा आकार, एक पिवळा, भोवती सोनेरी रेघ. डिस्नेच्या गावची पोर, तिनं हळकुंडालाही डोळे काढले.

ट्रॉफी आणि शील्डच्या दुकानात गेलो. मालकानं कागद उलटसुलट फिरवला. "आलं आहे का सर हे?"

"हळद."

"बरं. किती नग?"

"दहा," मी म्हटलं.

"दहाला डाय परवडत नाही, सर. मुंबईहून करून घ्यावी लागते. शंभराच्या खाली काम नाही."

मी खिशाचा विचार करत होतो, तोवर पोरीचे डोळे चमकले. "फक्त शंभर? म्हणजे लिमिटेड एडिशन!" तिनं ऑर्डरच्या कागदावर बिल्ल्याची पाठ स्वतः काढून दिली. मध्ये खिळा, खाली मराठीत 'फक्त १००'. एकचा आकडा उलटा काढला होता, तो मी सरळ केला.

मालकानं पावती फाडली. "शंभर सांगितले की एकशेचार-पाच येतात, सर. ते वरचे धरू नका, तुम्हालाच. आणि डाय आपल्याकडंच राहते. कधी लागले तर नुसता फोन टाका, पाहिजे तेवढे मारून देतो."

पोरीनं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "डाय आम्हाला द्याल?"

"डाय घेऊन काय करणार, बाळा?"

तिला मराठीत सांगता येईना. मीच सांगितलं की डायचे वेगळे काय होतील ते लावा.

बिल्ले आले तेव्हा ती परत गेली होती. मी मोजले, एकशेसहा भरले. शंभर तिला पाठवले. वरच्या सहांवर दर रविवारी फोनवर चर्चा होते आणि निकाल लागत नाही. डाय म्हणजे मुठीत मावेल एवढा पोलादी ठोकळा, त्यात हळकुंड उलटं, डोळे खोल गेलेले. तिला शिलाई मशीनचं तेल लावून, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली आहे. डबा आता माळ्यावर असतो.